दोन वापरलेले प्रोसेसर

आमच्या कंपनीत आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी एकटी. एक टेबल, एक खुर्ची आणि मागच्या काचेच्या खोलीत सर्व्हर. डिपार्टमेंटला दुसरं कुणी असतं, तर दिवसभरात जे घडतं ते चहाबरोबर बोलून संपलं असतं. एकटीकडे ते साचत जातं. मग दिवाळीला उदगीरला माहेरी गेलं की भावंडं म्हणतात, "सांग की तुमच्या कंपनीतलं काहीतरी." एक सांगायला घेतलं की त्याला दुसरं लागून येतं. सुरुवातीला सगळे हसतात. पुढे पुढे कमी हसतात.

कंपनी चाकणला. पत्रा दाबून गाड्यांचे ब्रॅकेट बनवतो आम्ही. मालक अण्णा इथल्याच गावचे. जमीन एमआयडीसीत गेली, आलेल्या पैशात त्यांनी पहिला प्रेस टाकला. बोलणं अजून शेतावरचंच आहे, आणि शर्टाच्या खिशाला टेस्टरसुद्धा अजून असतो.

माल मोठ्या कंपनीत जातो. ट्रक भरून झाला की बिल सिस्टिममधून निघतं, आणि बिल हातात असल्याशिवाय वॉचमन गेट उघडत नाही. आमचं सगळं त्या बिलावर अडायचं, आणि बिल सर्व्हरवर.

*

सर्व्हर कंपनीच्या बऱ्या दिवसांत घेतलेला. दोन प्रोसेसर बसतील एवढी मोठी पेटी, पण पैसे वाचवायला आत एकच बसवलेला, आणि तोही त्या जातीतला सगळ्यात हळू. दुसऱ्या प्रोसेसरची जागा झाकण लावून तशीच ठेवलेली. तेव्हा दिवसाला दोन ट्रक जायचे, चालून गेलं. ट्रक वाढले आणि सर्व्हरला धाप लागायला लागली.

एकदा मोठ्या कंपनीचे क्वालिटीवाले साहेब ऑडिटला आले. त्यांनी एक ब्रॅकेट उचलला आणि म्हणाले, "याचा पत्रा कुठल्या कॉइलचा, ते सिस्टिमवर दाखवा."

बिलिंगच्या मोहिनीनं नंबर टाकला. स्क्रीनवर गोल फिरायला लागला. साहेबांचा चहा झाला. बिस्कीट झालं. अण्णांनी दुसरा चहा मागवला, तोही झाला. गोल फिरतच होता. मोहिनी माउस न हलवता बसून होती, जणू तिनं हात लावला तर आणखी बिघडेल.

साहेब शेवटी उठले. चांगला माणूस होता, आवाज चढवला नाही. जाताना अण्णांना म्हणाले, "तुमचा माल वेळेवर येतो हो. कागद उशिरा येतो. आमच्याकडे दोन्ही मिळूनच माल धरतात."

त्या महिन्यात दोन प्रकारच्या ब्रॅकेटची ऑर्डर दुसऱ्या व्हेंडरकडे गेली.

*

मी नवीन सर्व्हरचं कोटेशन मागवलं. अण्णांनी चष्मा लावून ते खालपर्यंत वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं.

"तीन नंबरच्या प्रेसचा क्लच गेलाय. त्यो करू का ह्यो?"

मी म्हटलं, "पेटी तीच ठेवू. आतला प्रोसेसर काढून त्याच पिढीतले, पण ताकदीचे दोन बसवू. बाजारात वापरलेले मिळतात. मोठ्या कंपन्या दर काही वर्षांनी सर्व्हर मोडीत काढतात, त्यातून निघतात."

"म्हंजे बॉडी तीच, इंजिन दुसरं?"

"हो."

"चालंल? आपल्या ट्रॅक्टरला म्या केलंय तसं."

"चालेल. आधी बोर्डावर कुठले बसतात ते बघावं लागेल. जास्त तापणारे घेऊन चालणार नाहीत, ही पेटी तेवढं गार करू शकत नाही."

"बघ मग," अण्णा म्हणाले. "आन् ट्रॅक्टर चाललाय का, ते नको इचारू."

*

पेटी उघडल्यावर पहिली गोष्ट कळली ती रॅमची. आधीच्या व्हेंडरनं कधीतरी "स्पीड वाढेल" म्हणून रॅमच्या पट्ट्या विकल्या होत्या. अर्ध्या पट्ट्या त्यानं रिकाम्या प्रोसेसरच्या बाजूला लावलेल्या. त्या बाजूच्या रॅमला बोलणारा प्रोसेसरच नव्हता. मशीनला ती रॅम आहे हेच माहीत नव्हतं.

अण्णांना मी पट्टी हातात देऊन समजावलं.

"म्हंजे ही इतकी वर्सं नुसती बसून व्हती?"

"हो."

"आपन पैसं देऊन बसवलेली?"

"हो अण्णा."

त्यांनी पट्टी उलटीपालटी करून बघितली. आमच्यामागे बिलिंगची तीन टेबलं होती, डिस्पॅचची खिडकी होती, तिघं-चौघं काम करत होते. अण्णा त्यांच्याकडे न बघताच बोलले, "आनी किती असंल आपल्याकडं असं?"

कीबोर्डचे आवाज एकदम वाढले.

*

प्रोसेसर घ्यायला मी चिंचवडला गेले, स्टेशनजवळ. एका जुन्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये सुरेशशेठचं दुकान. भिंतीला लावून सर्व्हरच्या पेट्यांची थप्पी, आणि प्रोसेसर चक्क अंड्यांच्या ट्रेमध्ये, प्रत्येक खळग्यात एक, वर प्लॅस्टिकची पिशवी.

मला एकाच नंबरचे दोन हवे होते. दोन वेगवेगळे चालत नाहीत. शेठ भिंग लावून शोधत होते, तोवर मी पेट्या बघत उभी राहिले. सगळ्या एकाच कंपनीच्या होत्या. कुणीतरी व्यवस्थित माणूस असणार, प्रत्येक पेटीवर स्टिकर लावून मार्करनं अक्षर काढलेलं. एकीवर होतं, 'कृपया बंद करू नये. पगार चालू आहे.'

मी विचारलं, "ही कुठली कंपनी?"

"हिंजवडीकडची. गुंडाळली ना त्यांनी. खुर्च्या पण इथेच आल्यात, बसा."

मी त्या खुर्चीवर बसले नाही. स्टिकरकडे बघत होते ते त्यांना दिसलं असावं.

"पगार केव्हाच थांबला, मॅडम," शेठ म्हणाले. "स्टिकर निघत नाही म्हणून राहिलंय."

ट्रेमध्ये जोडी मिळाली नाही. दोन्ही प्रोसेसर त्यांनी त्या स्टिकरवाल्या पेटीतूनच काढून दिले.

*

गुरुवारी आमच्या पट्ट्यात सुट्टी. मी गुरुवारच ठरवला होता. एक गोष्ट मात्र लक्षात आली नाही. कारखाने बंद म्हणून वीजवाले लाईनचं कामसुद्धा गुरुवारीच काढतात.

प्रोसेसर बदलायच्या आधी बोर्डाचा आतला प्रोग्रॅम नवा करावा लागतो, नाहीतर तो नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. ते काम चालू असताना वीज गेली तर बोर्डच कामातून जातो. आमच्या यूपीएसची बॅटरी म्हणजे नुसती शोभेला. मी अण्णांना फोन केला. ते गावातून मोटरसायकलवर आले, जनरेटर चालू केला, आणि शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले. डिझेल जळताना बघवत नाही त्यांना, पण बघत बसले.

मध्येच आत आले. "एवढं काय सांगती तू त्याला?"

"नवीन प्रोसेसर येतोय, त्याला ओळख, असं सांगतेय."

"आन् न्हाई वळखलं तर?"

"तर सुरूच होणार नाही."

अण्णा म्हणाले, "एमआयडीसीचं हापिस झालं तवा आमालाबी गेटवर इचारलं हुतं, तुमी कोन. आमच्याच रानात." आणि परत जनरेटरपाशी जाऊन बसले.

*

त्या गुरुवारी आणखी एक जण आलं होतं, मोहिनी. मी बोलावलं नव्हतं. ती मूळची चिपळूणची, नवरा चिखलीत एका वर्कशॉपला वेल्डर. आम्ही दोघी एकाच बसनं येतो-जातो. बसमध्ये मी म्हणाले होते की गुरुवारी काम आहे, तर ती डबा घेऊन हजर.

तिला सर्व्हर फास्ट होण्याची सगळ्यांत जास्त घाई होती, कारण शिव्या तीच खायची. ड्रायव्हर तिच्यावर ओरडायचे, मोठ्या कंपनीचा फोन तीच घ्यायची. "बाई, तुम्ही झोपता का तिथे?" असं तिला रोज कुणीतरी विचारायचं. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही. नुसत्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

मी रिकाम्या जागेवरचं झाकण काढलं. खाली केसासारख्या बारीक पिनांची जाळी असते, प्रोसेसर त्यांच्यावर टेकतो. त्यातल्या कोपऱ्यातल्या काही वाकलेल्या. कधीतरी कुणीतरी झाकण उघडून बोट लावलेलं. एक जरी पिन मोडली तरी ती जागा गेली.

"सुई देऊ?" मोहिनी म्हणाली.

"सुई टोचेल. धरता आलं पाहिजे."

तिनं पर्समधून भुवया कोरायचा चिमटा काढला. एका हातात मोबाईलचा टॉर्च, दुसऱ्या हातात तिच्या मुलाचं शाळेतलं भिंग धरून ती माझ्या खांद्याशी उभी राहिली. मी एकेक पिन उभी करत गेले. तिचा हात एकदाही हलला नाही. माझा हलला की ती म्हणायची, "थांबा. श्वास सोडा. आता."

दोन्ही प्रोसेसर बसले. दोन्हींवर पेस्ट लावून पंखे बसवले. बटण दाबलं, पंखे एकदम किंचाळले, मग खाली आले, आणि स्क्रीनवर दोन प्रोसेसर आणि सगळीच्या सगळी रॅम दिसली.

मोहिनीनं एक खोटं बिल काढून बघितलं. एंटर दाबून ती नेहमीप्रमाणे मागे टेकायला गेली, टेकायच्या आधीच प्रिंटर वाजला.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. मग तोच कागद उलटा करून आम्ही त्यावर डबा खाल्ला.

*

पुढच्याच महिन्यात बिलिंगच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस आला. टाय लावलेला, बोलायला गोड. त्यांचं लायसन्स प्रोसेसरच्या आतल्या कोअरवर मोजतात. "मॅडम, अभिनंदन. तुमचे कोअर वाढलेत," तो म्हणाला. त्याचा अर्थ लायसन्सही वाढवायला हवं होतं, आणि ते नव्या सर्व्हरपेक्षा महाग होतं.

मी दोन दिवस त्याच्याशी भांडले. शेवटी असं ठरलं की लायसन्स आहे तेवढेच कोअर चालू ठेवायचे, बाकीचे बंद करून त्यांना तसं लिहून द्यायचं. म्हणजे बसवलेल्या ताकदीतली बरीचशी मीच परत झोपवून टाकली. तरीही जुन्यापेक्षा कितीतरी पटींनी फास्ट होता.

अण्णांना सांगायला गेले.

"इंजिन बसवलं, आन् निम्मं सिलिंडर बंद?"

"हो."

"पैसं आपन दिलं, करंट आपला, पेटी आपली. मग बंद करनारं ते कोन?"

मी लायसन्सचा कागद उघडायला लागले. अण्णाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आपल्या रानातनं रस्ता गेला तवा टोलबी आपनच भरला."

*

निम्म्या ताकदीवरसुद्धा बिलं अशी निघायला लागली की तीन टेबलांना काम पुरेना. एक टेबल आधी स्टोअरला हललं. मग एका दुपारी अण्णांनी मोहिनीला केबिनमध्ये बोलावलं. ती सगळ्यांत शेवटी लागलेली, म्हणून ती.

अण्णांनी तिला बसायला सांगितलं होतं, एवढं मला काचेतून दिसलं. ती बसली नाही.

त्या दिवशी बसमध्ये ती माझ्या शेजारीच बसली, नेहमीसारखी. मी म्हटलं, "मोहिनी, मला हे माहीत नव्हतं गं." ती म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत असणार." तळवडं आलं. मग तीच म्हणाली, "मलाच वाटायचं, लवकर व्हावं सगळं."

महिनाअखेरीला तिचा शेवटचा दिवस होता. टेबल आवरून ती काचेच्या खोलीपाशी आली आणि म्हणाली, "आत येऊ?"

मला वाटलं तिला सर्व्हर बघायचा असेल. काही बोलेल, रडेल. मी दार उघडलं. ती सर्व्हरकडे न बघता सरळ माझ्या स्क्रू-ड्रायव्हरच्या डब्याकडे गेली, आत बोटं घालून चाचपलं.

"चिमटा राहिला होता," ती म्हणाली. पर्सची चेन लावून गेली.

*

आणि हा किस्सा गित्तेभाऊंचा.

गित्तेभाऊ म्हणजे आमचे डिस्पॅचवाले, नामदेव गित्ते. केजकडचे. ट्रक भरून घ्यायचे, बिल उचलायचं, ड्रायव्हरच्या हातात द्यायचं, हे त्यांचं काम. मोबाईल मशीनच्या भागात नेता येत नाही, म्हणून त्यांचा फोन ऑफिसात माझ्या ड्रॉवरमध्ये असायचा. दुपारच्या ट्रकच्या वेळी ते यायचे, बिलिंगला बिलाचा नंबर द्यायचे, आणि स्क्रीनवर गोल फिरत असला की फोन घेऊन बाहेर शेडखाली जायचे. बिल निघालं की मी काचेवर टकटक करायची, ते आत यायचे. वर्षानुवर्षं असं चाललेलं. कुणाला फोन करतात, मी कधी विचारलं नव्हतं.

सर्व्हर फास्ट झाल्यावर ते बंद झालं. नंबर सांगेपर्यंत बिल बाहेर. त्यावर वेळ छापलेली असते, आणि बिल निघाल्यापासून ट्रक किती वेळात गेटबाहेर गेला, हे अण्णांनी वॉचमनला लिहायला लावलं होतं. गित्तेभाऊ बिल घेऊन पळायचे. फोन ड्रॉवरमध्येच.

एके दिवशी ते बिल घेऊन गेले, ट्रक लावून दिला आणि परत आले. टोपी काढून उभे राहिले.

"मॅडम, एक इचारू का? राग नका येऊ देऊ."

"विचारा की."

"ते जुनं जे काढलंत ना तुम्ही आतलं, ते हाय का अजून?"

"आहे. कपाटात. का हो?"

"परत बसवता येतंय का?"

मला वाटलं गंमत करतायत. पण ते गंमत करणारे नव्हेत. मी खुर्ची पुढे केली. मग त्यांनी सांगितलं.

गावाकडे त्यांचे वडील, तात्या. डोक्यातलं सगळं निसटत चाललंय. घरातल्या माणसांना ओळखत नाहीत, सुनेला पाहुणी समजतात. जेवण भरवावं लागतं. धाकटा भाऊ दुपारी, आमची जेवणाची सुट्टी संपल्यावर, शेतातून जेवायला घरी येतो, तेवढाच वेळ त्यांच्याजवळ फोन धरायला कुणी असतं. संध्याकाळी तात्या कुणाचंच ऐकत नाहीत, ओरडतात, मग गुंगीच्या गोळीनं झोपतात.

"दुपारचं फोन केला की आवाजावरनं वळखायचे, मॅडम. तोंड वळखत नाहीत, आवाज वळखायचे. 'नामा हाय का,' म्हणायचे. रोज म्हणायचे. आता गुरुवार सोडला तर सगळा खाडा पडलाय. काल सुट्टीचा केला, तर म्हणले, कोण बोलायलंय."

मी म्हटलं, "अण्णांना सांगू या ना. दहा मिनिटं देतील."

"नका," ते एकदम म्हणाले. "आत्ताच एक बाई कमी झाली. म्हाताऱ्यासाठी टाईम मागितला असं नको व्हायला. मी आपलं सहज इचारलं." टोपी घातली आणि गेले.

मोहिनी गेल्यापासून दुपारच्या ट्रकचं बिल मीच काढायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले, बिलाचा नंबर सांगितला. मी एंटर दाबायच्या आधी हात मागे नेला आणि प्रिंटरची केबल काढली. म्हटलं, "भाऊ, सर्व्हर हँग झालाय. थोडा वेळ लागेल."

मी ड्रॉवर उघडला. त्यांनी फोन घेतला आणि बाहेर गेले.

तेव्हापासून दुपारच्या ट्रकला सर्व्हर हँग व्हायला लागला. बाकीच्या ट्रकना नाही.

एकदा दुपारी अण्णा नेमके तेव्हाच आत आले. ट्रक उभा दिसला असणार.

"काय झालं?"

"सर्व्हर हँग झालाय, अण्णा."

त्यांनी प्रिंटरकडे बघितलं. केबल टेबलावरून खाली लोंबत होती. मी ती झाकायलाही गेले नाही, उशीर झाला होता. मग त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. शेडच्या खांबाला टेकून गित्तेभाऊ फोनवर बोलत होते, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून. "नामा. नामा बोलतोय, तात्या. नामा." गेटपाशी ड्रायव्हरनं हॉर्न दिला. वॉचमन वही घेऊन ऑफिसकडे यायला लागला, तसा अण्णांनी आतूनच त्याला हातानं थांबवलं.

मग मोहिनीची रिकामी खुर्ची ओढली आणि बसले.

"जुनं हाय त्ये," म्हणाले. "घेऊ दे टाईम."